सालामांकात कुणाच्या घरी राहायला येताय?

स्पॅनिश शिकायला स्पेनमधल्या सालामांकाला येणारं एखादं मराठी पोर दरवर्षी मला फोन करतं आणि पहिला प्रश्न ठरलेला: मसाले किती आणू? आणा थोडे. पण त्याआधी 'नको नको' म्हणायची आपली सवय घरी ठेवून या.

मी २०१५च्या सप्टेंबरात आले ती एका साठीच्या बाईंकडे. पहिल्या रात्री त्यांनी तोर्तिया केलं होतं, म्हणजे बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट. एक तुकडा खाल्ला. दुसरा पुढे आला तेव्हा रीतीप्रमाणे 'नको' म्हटलं आणि आग्रहाची वाट पाहत बसले. बाईंनी उरलेलं झाकलं, फ्रिजमध्ये ठेवलं, विषय संपला. रात्रभर पोटात कावळे. पुढे ओळख झाल्यावर त्यांनीही भरपूर आग्रह केला, पण नव्या माणसाचा नकार त्यांनी नकारच धरला होता. भूक असेल तर 'सी', म्हणजे हो, म्हणा आणि वाढून घ्या.

दुपारचं जेवण अडीच-तीनला, रात्रीचं साडेनऊनंतर. सकाळी कॉफी आणि दोन टोस्ट, की झालं. मधल्या वेळेसाठी शेंगदाण्याचे लाडू बरे पडतात. शाकाहारी असाल तर नुसतं 'कार्ने खात नाही' म्हणून भागत नाही. कार्ने म्हणजे मांस, पण बऱ्याच जणांच्या लेखी हामोन, म्हणजे डुकराच्या मांडीचे काप, किंवा टूना मासा त्यात येतच नाही. एकेक नाव घेऊन सांगा. मसुराची उसळ समोर आली की आनंदून जाऊ नका, तिच्यात बहुतेक चोरिथोचे, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजचे, तुकडे असतात. 'ते बाजूला काढ ना' असं सांगतील, तेही अगदी मनापासून.

बाथरूममध्ये बादली-तांब्या शोधू नका. टबाबाहेरच्या फरशीला पाणी जायला वाटच नसते. मी पहिल्याच आठवड्यात आपल्याकडच्यासारखी फरशी पाणी ओतून धुतली. खालच्या मजल्यावरच्या आजोबांची आणि माझी ओळख अशी झाली.

आता भाषा. आपण सगळे इंग्रजीच्या पुलावरून स्पॅनिशकडे जातो आणि मध्येच अडकतो. 'मला आंबे आवडतात' घ्या. स्पॅनिशमध्ये 'मे गुस्तान लोस मांगोस': आवडणारी मी, पण क्रियापद चालतं आंब्यांच्या वचनाने, थेट मराठीसारखं. वर्गातली अमेरिकन मुलं इथे महिनाभर घाम गाळतात. 'माझं डोकं दुखतंय' हेही तसंच, क्रियापद डोक्याचं. मात्र थंडी आणि उकाडा इथे 'जवळ असतात': तेंगो फ्रिओ, तेंगो कालोर. उकडतंय म्हणून 'एस्तोय कालिएंते' म्हणाल तर टेबलावरचे सगळे तुमच्याकडे बघतील. अर्थ मी लिहीत नाही, विचारून घ्या. आणि क्लासात धन्यवादाला 'ग्रासियास' शिकला असाल तरी इथे 'ग्राथियास' ऐकू येईल. तो थ आपल्या थाळीतला नव्हे, जिभेचं टोक दातांत धरून काढायचा.

बाईंना 'तू' म्हणायला माझी जीभ रेटेना. मी 'उस्तेद', म्हणजे तुम्ही, म्हणत राहिले आणि त्यांना वाटलं, पोरगी रागावली आहे. इथे घरात सगळे 'तू'.

कागदपत्रांचं थोडक्यात. व्हिसा सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून महिन्याभरात पोलिसांकडे 'तिए' या ओळखपत्रासाठी अर्ज करायचा. त्याची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते, ती लवकर मिळत नाही, म्हणून पोचल्या दिवसापासून मागे लागा. नगरपालिकेत पत्त्याची नोंदही लागते आणि तिला घरमालकांची संमती हवी. सगळेच ती देत नाहीत. पैसे भरायच्या आधीच हे विचारा.

सालामांका आठशे मीटर उंचीवर आहे, हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो. जुन्या घरांत गोल टेबलाला जमिनीपर्यंत जाड कापड लावलेलं असतं आणि खाली ब्रासेरो, म्हणजे शेगडी. पूर्वी कोळशाची, आता विजेची. पाय आत, कापड मांडीवर, समोर टीव्ही. दुपारचं जेवण आटोपल्यावरही तासभर तिथून कुणी हलत नाही, आणि याच वेळी तुम्ही खोलीत जाऊन आईला व्हिडिओ कॉल लावता. लावू नका. पाताता म्हणजे आमचा बटाटा आणि पगाराचं मूळ पागार, म्हणजे पैसे देणं, आणि दोन्ही शब्द आमच्याकडे पोर्तुगीजांकडून आले, हे मी तिथेच बसून सांगितलं. पोर्तुगीज गोव्यात कधी आले इथपासून दीड तास चर्चा. त्यातलं निम्मं मला कळलं नाही, पण भूतकाळाची सगळी रूपं त्या दिवशी कानावरून गेली.

मसाल्यांचं राहिलंच. हिंग दोन डब्यांत घट्ट बंद करून आणा. माझा डबा उघडा राहिला होता. बाईंना वाटलं सिलिंडर गळतोय; त्यांनी घरभर खिडक्या उघडल्या आणि गॅसवाल्याला बोलावून घेतलं.