समोरच्याचा डीएनएस गंडलाय, आपल्या मेल सर्व्हरने काय करायचं?

डीएनएसमधले (डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतले) रेकॉर्ड दुसऱ्याच्या डोमेनचे चुकलेले असतात पण "मेल जात नाहीये" म्हणून फोन आपल्याला येतो. तेव्हा आधी एकच बघा, डीएनएसने "नाही" असं उत्तर दिलंय की उत्तरच दिलेलं नाहीये? यात गल्लत झाली की चांगले मेल मरतात.

एनएक्सडोमेन ("असं नावच नाही" हे उत्तर) आलं तर ते डोमेन नाहीच, कायमचा एरर देऊन मेल लगेच परत पाठवा, म्हणजे बिचाऱ्याला स्पेलिंग चुकलंय हे पाच मिनिटांत कळेल. पण सर्व्हफेल ("उत्तर शोधता आलं नाही") किंवा टाइमआउट आला तर कोणाचा तरी नेमसर्व्हर पडलाय किंवा डीएनएसेकची (डीएनएसचं उत्तर खरं आहे हे दाखवणारी) सही एक्स्पायर झालीये, उद्या सकाळपर्यंत ठीकही होईल, तिथे बाहेर जाणारा मेल क्यूमध्ये ठेवा आणि आत येणाऱ्याला ४५० किंवा ४५१ ("सध्या नाही, नंतर पुन्हा पाठवा" असे तात्पुरते एरर कोड) द्या. आरएफसी ५३२१ मध्ये (मेल पाठवण्याच्या नियमांचा दस्तऐवज) दोन प्रयत्नांत निदान अर्धा तास ठेवा आणि ४-५ दिवस तरी सोडू नका असंच सांगितलंय. पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरचा डिफॉल्ट ५ दिवसांचा आहे, तो कमी करू नका, फक्त उशिराची सूचना त्यात बंद असते ती ४ तासांवर लावाच, नाहीतर पाठवणारा पाच दिवस समजत राहतो की मेल पोचला.

आता एमएक्स, म्हणजे डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचा ते सांगणारा रेकॉर्ड. तो अजिबातच नसेल तर डोमेनच्या ए किंवा क्वाड-ए रेकॉर्डवर (त्यात नावाचा आयपी पत्ता असतो) मेल द्यायचा, हे नियमातच आहे. पण एमएक्स आहे आणि चुकीचा आहे, तर ए रेकॉर्डकडे वळायचं नाही! तिथे बहुतेक वेळा नुसती वेबसाइट असते, मेल कुठेतरी भलतीकडे जाऊन पडेल.

आमच्याकडे एका सप्लायरला पर्चेस ऑर्डर जाईना. डिग (डीएनएस तपासायची कमांड) मारलं तर एमएक्समध्ये होस्टच्या नावापुढे त्यांचं डोमेन दोनदा, म्हणजे झोन फाइलमध्ये (जिथे डोमेनचे रेकॉर्ड लिहितात) नावाच्या शेवटचा टिंब द्यायचा राहून गेलेला. ऑर्डर अर्जंट होती म्हणून त्यांना फोन करून खरा होस्ट विचारला आणि ट्रान्सपोर्ट मॅपमध्ये (कोणत्या डोमेनचा मेल थेट कुठे द्यायचा याची आपल्या सर्व्हरवरची यादी) टाकला, आणि त्यांनी टिंब दिल्यावर त्याच दिवशी ती नोंद काढलीसुद्धा. ती काढायला विसरू नका, उद्या ते सर्व्हर बदलतील आणि तुमचेच मेल अडकतील.

एमएक्स सीनेमकडे (एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणारा रेकॉर्ड) जात असेल तर ते नियमाबाहेर आहे, पण पाठवताना चालवून घ्या, अडवून कोणाचंच भलं होत नाही. १२७.०.०.१ (म्हणजे "हेच मशीन") कडे जात असेल तर मात्र अजिबात नको, मेल स्वतःच्याच सर्व्हरवर गरगरत राहतो. आणि एमएक्समध्ये नुसता टिंब दिसला तर ती चूक नाही, "आम्ही मेल घेत नाही" असं ते डोमेन स्वतः सांगतंय (आरएफसी ७५०५, २०१५), सरळ ५५६ (कायमच्या नकाराचा कोड) द्या.

येणाऱ्या मेलमध्ये एसपीएफची (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्या यादीची) बोंब जास्त. एकाच डोमेनला दोन एसपीएफ रेकॉर्ड, नाहीतर १० लुकअपची (रेकॉर्ड तपासताना लागणाऱ्या डीएनएस चौकशांची) मर्यादा ओलांडलेली, दोन्हीकडे पर्मएरर, म्हणजे "रेकॉर्डच चुकलाय" असा निकाल येतो. माझं मत, यावर थेट रिजेक्ट करू नका, स्पॅम स्कोअर वाढवा, कारण असे रेकॉर्ड शाळा-दवाखान्यांचेही असतात. पाठवणाऱ्या सर्व्हरचा रिव्हर्स डीएनएस (आयपी पत्त्यावरून नाव सांगणारा रेकॉर्ड) मुळातच नसेल तर अडवायला हरकत नाही, पण त्या नावावरून परत तोच आयपी पत्ता येत नाही एवढ्यावर नको.

कुठलाही नवा नियम आधी आठवडाभर वॉर्न-इफ-रिजेक्टवर (पोस्टफिक्सची सोय, मेल न अडवता फक्त लॉगमध्ये नोंद होते) चालवून लॉग वाचा, मगच चालू करा. आणि रिजेक्टच्या मजकुरात नेमकं काय चुकलंय ते लिहा, "तुमचा एमएक्स १२७.०.०.१ दाखवतोय" एवढं वाचून समोरचा अ‍ॅडमिन दहा मिनिटांत दुरुस्त करतो.