घरात टीबी निघाला, आता बाकीच्यांनी काय करायचं

एकाला फुफ्फुसाचा टीबी निघाला की घरातले बाकीचे म्हणतात आम्हाला तर खोकला पण नाही, इम्युनिटी चांगलीये, मग तपासणी कशाला. पण टीबीच्या जंतूला इम्युनिटी बऱ्याचदा मारत नाही, नुसती डांबून ठेवते.

होतं असं की श्वासातून आत गेलेल्या जंतूला फुफ्फुसातल्या मॅक्रोफेज पेशी गिळतात, पण हा त्यांची पचवायची यंत्रणाच अडवतो आणि त्याच पेशीत वाढत बसतो, तेही निवांत, साधारण 20 तासांत एकदा दुप्पट. टी पेशी (इम्युनिटीच्याच लढणाऱ्या पेशी) तिथे पोचेपर्यंत काही आठवडे जातात, मग सगळ्या मिळून त्याच्याभोवती गाठ बांधतात, ग्रॅन्युलोमा म्हणतात त्याला. आत जंतू जिवंतच. अशांपैकी 5 ते 10 टक्के लोकांना पुढे कधीतरी टीबी होतो.

म्हणून घरातल्या सगळ्यांना घेऊन नाशिकच्या सिव्हिल हॉस्पिटलला जा, नाशिकरोडवाल्यांना बिटको हॉस्पिटल जवळ पडेल, सरकारीत तपासणी फुकट आहे. जंतू अंगात शिरलाय का बघणारी हातावरची मँटू टेस्ट लगेच केली तर निगेटिव्ह येऊ शकते, टी पेशी अजून तयार नसतात ना, त्यामुळे डॉक्टरांनी परत बोलावलं तर जायचंच. एक्सरे क्लीन म्हणजे आजार नाही एवढंच, जंतू नाही असं नाही. मग प्रतिबंधक गोळ्या देतात, आयसोनियाझिड रोज 6 महिने किंवा रिफापेंटिनसोबत आठवड्यातून एकदा असे 12 आठवडे. 5 वर्षांखालच्या पोरांचं आधी बघा, त्यांची गाठ नीट बांधलीच जात नाही. आणि मेडिकलमधून मनाने गोळ्या घेऊ नका, आत आजार चालू असेल तर एकट्या गोळीने जंतू रेझिस्टंट होतो, म्हणजे औषधाला दाद देत नाही.

शुगर असेल तर कंट्रोलमध्ये आणा. संधिवाताची टीएनएफ (इम्युनिटी पेशींना निरोप देणारं प्रथिन) अडवणारी इंजेक्शनं चालू असतील तर आधीच सांगा, कारण गाठ टिकवायला तेच टीएनएफ लागतं.

इम्युनिटी बूस्टरच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका राव, फुफ्फुसात पोकळी पडते ती बरीचशी आपल्याच इम्युनिटीच्या मारामारीने पडते. त्यापेक्षा डाळ, अंडी, शेंगदाणे आणा, पेशंटला त्यासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला 1000 रुपये मिळतात.

पेशंटला खिडकीजवळ झोपवा, जुन्या नाशकातल्या वाड्याच्या मधल्या अंधाऱ्या खोलीत तर मुळीच नको. त्याच्या गोळ्या साधारण 6 महिने, खोकला थांबला तरी चालूच, गाठीतले सुस्त जंतू उशिराच मरतात. लघवी केशरी झाली तर घाबरू नका, रिफाम्पिसिनचा रंग आहे तो.