ग्रुपवर आलेला सर्व्हे नंबर: फॉरवर्ड करण्याआधी आणि नंतर

गावच्या ग्रुपवर रात्री दहाला मेसेज पडतो: 'आमचा डोंगर विकला, सगळ्यांनी शेअर करा.' खाली लाल वर्तुळ काढलेला सॅटेलाइट फोटो. सकाळपर्यंत रागावलेल्या चेहऱ्यांची रांग लागते आणि टीसीपीच्या, म्हणजे गोव्याच्या नगरनियोजन खात्याच्या, टपालात एकही कागद पोचलेला नसतो. तो एक कागद कसा पोचवायचा, एवढंच इथे सांगायचं आहे.

आधी मेसेज तपासा. त्यावर दुहेरी बाण असेल तर तो पाच किंवा जास्त हात फिरून आलेला आहे, म्हणजे ज्याने लिहिला त्याला तुमच्या ग्रुपवर कोणी ओळखत असेलच असं नाही. त्यात तीन गोष्टी हव्यात: महसुली गाव, सर्व्हे नंबर सबडिव्हिजनसकट (उदा. ८७/४) आणि तारीख. नुसता '८७' काही कामाचा नाही, कारण बहुतेक गावांत ८७ असतो. पंचायतीचं नाव म्हणजे महसुली गाव नव्हे. एका पंचायतीत दोन-तीन महसुली गावं असू शकतात आणि निम्मे घोळ इथेच होतात. पणजी, मडगाव, म्हापशासारख्या शहरांत सर्व्हेऐवजी चलता नंबर आणि पी. टी. शीट (शहर मोजणीच्या नकाशाचं पान) असते, उताऱ्याला फॉर्म डी म्हणतात. तारीख नसलेला मेसेज जुना समजूनच चाला.

मग वन-फोर्टीन काढा, म्हणजे एक-चौदाचा उतारा, गोव्याचा सातबारा. गोवा सरकारच्या भूमी अभिलेखांच्या साइटवर तालुका, गाव, सर्व्हे आणि सबडिव्हिजन घातलं की तो दिसतो. वरच्या भागात क्षेत्रफळ वाटून दिलेलं असतं: जिरायत, बागायत, तरी (भातशेती), खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन), केर, मोरड आणि शेवटी पोटखराब. आकडा कुठल्या रकान्यात आहे ते पाहा. तरी, केर किंवा खाजनाखाली असेल तर ती भाताची जमीन, आणि शेतकरी नसलेल्याला अशी जमीन विकण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आहेत. त्याखाली कब्जेदाराचं नाव, फेरफार नंबर (हक्क बदलल्याची नोंद), मग कुळाचं नाव आणि इतर हक्क. कुळाचा रकाना भरलेला असेल तर त्या घरी आधी जा. हरकत घ्यायचा सगळ्यात भक्कम हक्क त्यांचा असतो, आणि बऱ्याचदा त्यांना ग्रुपवर कोणी घेतलेलंच नसतं.

उताऱ्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नका. त्यावर माणसांची नावं असतात, आणि 'याने विकली' असं एकाने लिहिलं की उरलेले पन्नास जण तेच लिहितात. फेरफार विक्रीचाच असतो असं नाही, वारसाचाही असतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बदनामीचं आहे, ते व्हॉट्सअ‍ॅपलाही लागू होतं.

सगळ्यात मोठी चूक पुढची. उताऱ्यावर झोन, म्हणजे आराखड्याने ठरवून दिलेला जमिनीचा वापर, नसतो. झोन प्रादेशिक आराखडा २०२१ च्या नकाशावर असतो, शहरी भागात ओडीपीत (शहराच्या विकास आराखड्यात). खात्रीसाठी टीसीपीच्या तालुका कार्यालयातून झोनिंग सर्टिफिकेट घ्या. उताऱ्यावर बागायत आहे म्हणून झोन ऑर्चर्ड असेलच असं नाही, आणि उलटही.

शेतातून इमारत उगवायची तर साधारण चार पायऱ्या असतात: झोन बदल (टीसीपी), वापर बदलाची सनद (जिल्हाधिकारी), तांत्रिक मंजुरी (पुन्हा टीसीपी), बांधकाम परवाना (पंचायत). प्रकरण कुठल्या पायरीवर आहे ते कळल्याशिवाय पत्र लिहू नका. सनदीच्या पायरीवर असलेलं प्रकरण घेऊन सरपंचावर ओरडलं तर तो हात वर करून मोकळा होतो, आणि त्यात त्याची चूक नसते. नगरनियोजन कायद्यात २०२४ साली घातलेल्या ३९-अ कलमाखालच्या झोन बदलाची सूचना राजपत्रात येते आणि हरकतीला ३० दिवस मिळतात. ते दिवस राजपत्राच्या तारखेपासून मोजायचे, मेसेज आल्यापासून नव्हे. झोन बदलाच्याच आधीच्या १७(२) कलमात लोकांचं ऐकून घ्यायची सोयच नव्हती; त्याखालचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. ग्रुपवर या दोन कलमांची सर्रास खिचडी होते. पोकलेन आधीच लागलेला असेल तर प्रकरण १७-अ चं, विनापरवाना डोंगरकापणीचं. तिथे ३० दिवस थांबायचं नसतं, त्याच दिवशी टीसीपी आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यायची.

हरकतीचं पत्र एका पानाचं पुरे. मराठीत चालतं, १९८७ च्या राजभाषा कायद्यात सरकारी कामासाठी मराठीलाही जागा आहे. फक्त झोनची नावं सूचनेत छापली आहेत तशीच उतरवा. 'ऑर्चर्ड'चं 'बागायत' केलंत तर तो उताऱ्यातला वेगळाच रकाना होतो. सुरुवात अशी करा: 'राजपत्र दिनांक अमुक, अनुक्रमांक तमुक, गाव, सर्व्हे ८७/४, क्षेत्र इतके चौ. मी. या झोन बदलास माझी हरकत आहे. कारणे खालीलप्रमाणे.' पुढे मोजता येतील अशीच कारणं द्या. झरा किती मीटरवर आहे, पाट कुठून जातो, खालच्या खाजनाचा बांध आणि मानस (पाणी सोडायचं-अडवायचं दार) कुठे आहे, पोचरस्ता किती मीटर रुंद आहे. 'गावपण मरेल' हे खरं असलं तरी फाइलीत त्याला उत्तर द्यावं लागत नाही. 'रस्ता साडेतीन मीटर आहे' याला द्यावं लागतं. शंभर जणांनी एकाच मजकुराच्या झेरॉक्सवर सह्या केल्या तर ती एकच हरकत म्हणून निकाली निघू शकते. दहा जणांनी आपापल्या विहिरीबद्दल लिहिलेली दहा पत्रं जास्त जड.

फोटो जोडताना मूळ फाइल जपा. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवला की जागा आणि वेळेची नोंद निघून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर राहते.

पत्राच्या दोन प्रती न्या. एक द्यायची, दुसरीवर इनवर्ड मारून घ्यायचा: शिक्का, नंबर, तारीख, सही. चारही बघून मगच काउंटर सोडा. नंबर नसलेला शिक्का पुढे कुठेच उभा राहत नाही. 'साहेब नाहीत, उद्या या' म्हटलं तर वाद घालू नका, तशीच प्रत स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती पत्राला टाचा.

महिन्याभरात काही कळलं नाही तर माहिती हक्काचा अर्ज, फी १० रुपये. 'झोन का बदलला?' असं विचारू नका, 'का' ही माहिती धरली जात नाही. कागद मागा: अर्जदाराचा अर्ज, जागेच्या पाहणीचा अहवाल, फाइलीवरच्या नोटिंगची पानं, आलेल्या हरकतींची यादी. आधी फाइल पाहायला मागा आणि हवी तेवढीच पानं घ्या. उत्तराला ३० दिवस, पहिल्या अपिलाला ३० दिवस, दुसऱ्या अपिलाला ९० दिवस. ते पणजीला राज्य माहिती आयोगाकडे.

ग्रामसभेत बोलायला त्या पंचायतीच्या मतदारयादीत नाव लागतं. मुंबईला मतदान करणाऱ्यांनी मागे बसून टाळ्या वाजवाव्यात. प्रश्न नोटिशीतल्या मुदतीत लेखी द्या, त्यावरही इनवर्ड घ्या, आणि नंतर इतिवृत्ताची प्रत मागा. ठराव झाला असं सगळ्यांना आठवतं, इतिवृत्तात मात्र 'चर्चा झाली' एवढंच असतं.

आता बहिष्कार. 'त्या रिसॉर्टात कोणी जाऊ नका' हे ज्यांना सांगितलं जातं ते तिथे एरवीही जाणार नव्हते. त्यापेक्षा खाजनातलं विकत घ्या. कोरगूट हा खारं पाणी सोसणारा लाल तांदूळ, उकडा घेतला तर पेजेला उत्तम. मीठ उन्हाळ्यात घ्या, आगरवाडा किंवा नेरूलच्या आगरातलं (मिठागरातलं). जाडं, किंचित करडं आणि ओलसर असतं. चिनी मातीच्या बरणीत ठेवा, स्टीलचा डबा खातं. त्यात घातलेलं आयोडीन नसतं, म्हणून ते लोणच्याला आणि खाऱ्या माशाला वापरा, रोजच्या आमटीत आयोडीनचंच घाला. 'गोव्याचं मीठ' म्हणून रस्त्याकडेला वर्षभर पांढरंशुभ्र, कोरडं मीठ मिळत असेल तर कुठल्या आगरातलं ते विचारा. गाव सांगता आलं नाही तर पुढच्या गाड्यावर जा.