तापणारी गच्ची पांढरी कशी करायची: चुना, ॲक्रिलिक रंग आणि पत्र्याचं काम

एप्रिलमधल्या एखाद्या रात्री दहा वाजता वरच्या मजल्यावरच्या खोलीत स्टुलावर उभं राहा आणि छताला तळहात लावा. बाहेरची हवा तोवर बरीच निवलेली असते, पण छत कोमट लागतं. दिवसभर पाच-सहा इंचांच्या स्लॅबने ऊन पिऊन घेतलेलं असतं आणि ते रात्री खाली सोडायचं काम चालू असतं. पंखा तीच छताजवळची हवा ढकलून अंगावर आणतो. म्हणून वरच्या मजल्यावर रात्र दिवसापेक्षा वाईट जाते.

या उकाड्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे छप्पर पांढरं करणं, आणि तो आता शहरांनी गंभीरपणे घेतला आहे. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये शहराने उष्णतेशी सामना करण्याची स्वतःची योजना आखली, आणि पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करण्याचं काम त्यातच आलं. न्यूयॉर्कमध्ये २००९ पासून छपरं रंगवण्याचा कार्यक्रम चालू आहे. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांसाठी वेगळं धोरणच जाहीर केलं. विदर्भ-मराठवाड्यात, खानदेशात तर याची गरज वेगळी सांगायला नको.

अपेक्षा मात्र रास्त ठेवा. जुनाट करडा कोबा उन्हाचा जेमतेम पाव हिस्सा परत फेकतो, ताजं पांढरं छप्पर सत्तर-ऐंशी टक्के. भर दुपारी उघडा कोबा ६० अंशांच्या आसपास जातो. पांढरा केलेला त्याहून पुष्कळ थंड राहतो, बरेचदा त्यावर अनवाणी उभं राहता येतं. खोलीत मात्र फरक साधारण २ ते ५ अंशांचा, तोही छपराच्या थेट खालच्या मजल्यावर. चार मजल्यांच्या इमारतीत पहिल्या मजल्याला यातून काही मिळत नाही. पश्चिमेची भिंत किंवा मोठी काच तापत असेल तर गच्ची रंगवून तो ताप जाणार नाही. तिथे बाहेरून पडदा किंवा चटईच हवी.

आधी गच्ची तपासा. काम बिघडतं ते बहुतेक वेळा रंगामुळे नाही, खालच्या तयारीमुळे. गच्चीवर पाच-सहा बादल्या पाणी ओता आणि अर्ध्या तासाने जिथे डबकी राहिली त्यांच्याभोवती खडूने रेघ मारा. पाणी पावसाच्या पाइपकडे वाहायला हवं, म्हणजे शंभर इंचांना किमान एक इंच उतार हवा. जिथे पाणी साचून राहतं तिथून रंग पहिल्याच पावसाळ्यात सुटतो. तेवढा भाग पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-वाळूने उचलून घ्या. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथला वाटा (कोपऱ्यात भरलेला सिमेंटचा गोलसर उतार) फुटलेला असेल तर तो नव्याने भरा, गळतीची सुरुवात बहुधा तिथूनच होते. केसाएवढ्या भेगांना तयार क्रॅक फिलर पुरतो. रुंद भेग मात्र व्ही आकारात कोरून, धूळ काढून, ओली करून भरायची. नवीन सिमेंटच्या कामावर सात दिवस पाणी मारा, आणि ते पुरतं वाळल्याशिवाय ॲक्रिलिक रंगाचा डबा उघडू नका.

शेवाळाचे काळे डाग नुसत्या झाडूने जात नाहीत. ब्लीचिंग पावडरचं पाणी टाकून अर्धा तास थांबा, तारेच्या ब्रशने घासा, मग भरपूर पाण्याने धुऊन काढा. शेवाळ तसंच ठेवून रंगवलं तर ते आतून वाढतं आणि रंगाचे पोपडे उचलतं.

आता चुना की रंग? चुना एका हंगामाचा आहे, पावसाने बराच धुऊन जातो आणि दर उन्हाळ्याआधी पुन्हा मारावा लागतो. पण तो स्वस्त आहे आणि घरच्या घरी जमतो. चांगला ॲक्रिलिक कूल रूफ रंग नीट लावला तर तीन ते पाच वर्षं टिकतो, खर्च मात्र कितीतरी पटींनी जास्त. भाड्याच्या घरात चुनाच योग्य, स्वतःच्या घरात आणि उतार चांगला असेल तर रंग. सोसायटीची गच्ची सामाईक असते, म्हणून सर्वसाधारण सभेत ठराव करूनच काम काढा.

चुन्याचं प्रमाण असं: ५०० चौरस फुटांना तीन हात मारायला साधारण १५ किलो कळीचा चुना आणि ७५ लिटर पाणी, म्हणजे किलोला पाच लिटर. चुना पत्र्याच्या पिंपात विरवा. प्लॅस्टिकच्या बादलीत नको, कारण विरताना पाणी अक्षरशः उकळतं. पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात थोडा थोडा चुना सोडा. चुन्याच्या ढिगावर पाणी ओतलं तर तो अंगावर उडतो. डोळ्यांवर गॉगल आणि हातांत रबरी मोजे हवेतच, मुलांना लांब ठेवा. डोळ्यात चुना गेलाच तर वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. चोळू नका.

विरवलेला चुना २४ तास राहू द्या, मग जाडसर कापडातून गाळा. न विरलेले खडे गाळणीत राहिले नाहीत तर गच्चीवर जाऊन फुगतात आणि तिथले टवके उडतात. गाळलेल्या दर १० लिटरमागे ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला, हे भिंतीच्या सफेदीचं जुनं प्रमाण. गच्चीवर पायांची वर्दळ असते, म्हणून पांढऱ्या डिंकासारखा पाण्यात मिसळणारा चिकटवणारा पदार्थ एकूण किलोभर घातलात तर भुकटी कमी सुटते. नीळ मात्र टाकू नका. निळसर झाक डोळ्यांना पांढरी भासते, पण नीळ उन्हाचा थोडा भाग शोषून घेते. इथे आपल्याला ऊन परतवायचं आहे.

चुना मारताना गच्ची ओलसर हवी. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी त्याला ओल लागते. भर उन्हात कोरड्या कोब्यावर मारला तर तो तासाभरात सुकतो आणि बोट फिरवलं की भुकटी हाताला येते. म्हणून ऊन उतरल्यावर गच्चीवर पाणी शिंपडा, पृष्ठभाग ओला दिसेल पण पाणी साचणार नाही इतकंच, आणि मग कुंचल्याने पातळ हात मारा. ओला असताना चुना जवळजवळ पारदर्शक दिसतो. इथेच माणूस घाबरतो आणि जाड थापतो. जाड थर तडकतो. सकाळी तोच पातळ हात पांढराशुभ्र झालेला दिसेल. रोज संध्याकाळी एक, असे तीन हात. पहिला उभा, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा.

ॲक्रिलिक रंगाचं सगळं उलटं आहे. त्याला गच्ची कोरडी ठणठणीत लागते. दोन फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर ओल अजून आहे, आणि त्यावर मारलेल्या रंगाला फुगे येणार. जुना चुना असेल तर तो खरवडून, धुऊन पूर्ण काढावा लागतो. चुन्यावर मारलेला रंग स्लॅबला नाही, चुन्याला चिकटतो आणि त्याच्यासकट सोलून निघतो. हीच चूक सर्वांत जास्त पाहायला मिळते.

रंग घेताना दुकानदाराकडे उत्पादनाचं तांत्रिक पत्रक मागा आणि त्यावर एसआरआय, म्हणजे पृष्ठभाग ऊन किती परतवतो आणि उष्णता किती सोडतो हे सांगणारा आकडा बघा. प्रमाण काळ्या पृष्ठभागाला शून्य आणि प्रमाण पांढऱ्याला शंभर, असं ते माप आहे. गच्चीसाठी शंभरच्या जवळचा किंवा वरचा आकडा घ्या. भिंतीचा बाहेरचा साधा रंग पांढरा असला तरी साचलेलं पाणी आणि पायाखालची घासण त्याला सोसत नाही. जाडसर लवचीक रंग दोन हातांत लिटरला साधारण २० ते ३० चौरस फूट जातो, म्हणजे ५०० चौरस फुटांना २० लिटर धरा. कुणी पाच लिटरमध्ये भागवतो म्हणाला तर तो पाणी घालणार आहे. डब्यावर लिहिलं असेल तेवढंच पाणी, तेही मापून. पहिला हात वाळायला चार-सहा तास द्या, दुसरा आडवा मारा. सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर काम करा, आणि पुढचा एक दिवस पावसाची शक्यता नको.

पत्र्याचं छप्पर असेल तर चुन्याचा विचार सोडा, तो पत्र्याला धरत नाही. नवा चकचकीत पत्रा ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण स्वतःची उष्णता सहजासहजी सोडत नाही, म्हणून खालचं घर भट्टी होतं. पांढरा रंग दोन्ही कामं करतो. गंज पॉलिश पेपरने काढा, गंजलेल्या जागी रेड ऑक्साइड प्रायमर लावा. कोऱ्या जस्ती पत्र्याला जस्तावर बसणारा वेगळा प्रायमर लागतो, नाहीतर वर्षभरात रंगाच्या पापड्या निघतात. स्क्रूचे वॉशर कुजले असतील तर ते रंगाआधीच बदला.

सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय कधीच ठेवू नका. तो वरून धड दिसतो आणि वजन पडलं की तुटतो, माणूस थेट खाली येतो. स्क्रूंच्या ओळीखाली आधाराचा पाइप असतो. त्या ओळींवर आडव्या फळ्या टाकून फळीवरूनच चाला, कमरेला दोर बांधा. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲसबेस्टॉस असतं, म्हणून तो कोरडा घासायचा नाही, ग्राइंडर तर नाहीच. ओला करून मऊ ब्रशने शेवाळ काढा. लांब दांड्याचा रोलर असेल तर बरंचसं काम शिडीवरूनच होतं.

खर्च करण्याआधी खात्री हवी असेल तर तीन फूट लांब-रुंद चौकोन आधी रंगवा. दुपारी दोन-तीनच्या सुमारास इन्फ्रारेड थर्मामीटरने तो चौकोन आणि शेजारची उघडी गच्ची मोजा. थर्मामीटर नसेल तर एक हात इकडे, एक तिकडे. चकचकीत पत्र्यावर मात्र हे यंत्र चुकीचा, कमी आकडा दाखवतं, तिथे त्यावर विसंबू नका.

काम फेब्रुवारीत काढा, फार तर होळीपर्यंत. त्यानंतर पांढऱ्यावर धूळ बसते आणि परतवण्याची ताकद हळूहळू उतरते, म्हणून उन्हाळ्यात महिन्यातून एकदा झाडून, पाणी असेल तर मऊ झाडूने धुवा. पावसाचं पाणी टाकीत साठवत असाल तर चुना मारलेल्या गच्चीवरचे पहिले दोन-तीन पाऊस वाहून जाऊ द्या. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पांढऱ्यावर काळसर बुरशी धरते. दसऱ्याच्या सुमारास ती घासून काढा आणि चुना असेल तर एक हात पुन्हा मारा. ऑक्टोबर हीट तोंडावर असते.