टीव्हीवर गेमची बातमी का गेमची जाहिरात? ओळखायचं कसं अन् तक्रार कुठं करायची

गावात पोट्टे दिवसभर मोबाइलवर गेम खेळतात हे आता नवीन नाही राहिलं, पण घरातल्या मोठ्या माणसाले त्या गेमबद्दल जे काही कळते ते टीव्हीच्या बातम्यांतूनच, अन् बातमीत दाखवलं म्हणजे खरंच असंन असं आपल्याकडं अजूनही मानतात. गेमच्या कंपनीले हेच पाहिजे असते. ब्रेक लागला की आपण चॅनल बदलतो, बातमी लागली की आवाज वाढवतो.

जाहिरात बातमीसारखी दाखवायची, हा प्रकार विदर्भाले नवीन नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या भांबराजा अन् अंतरगाववर २००८ साली एका मोठ्या इंग्रजी पेपरात पानभर बातमी आली, बीटी कापसानं शेतकऱ्याचं कसं भलं झालं म्हणून, अन् २०११ मध्ये तोच मजकूर पुन्हा छापून आला, पण यावेळी जाहिरात म्हणून. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१२ मध्ये हे उघड केलं. बियाण्याच्या जागी गेम ठेवा, पद्धत तीच आहे.

आता ओळखायचं कसं ते सांगतो. पहिले ती बातमी आवाज बंद करून पाहा. चॅनलच्या कॅमेऱ्यानं काढलेलं किती अन् गेमचे चकाचक सीन किती हे लगेच दिसते. बातमीदार कुठं गेला, माइक कोणासमोर धरला याचा पत्ताच नाही अन् नुसता ट्रेलर फिरून राहिला, म्हणजे माल कंपनीकडून आलेला आहे. अमेरिकेत कंपन्या असे रेडीमेड व्हिडिओ बनवून टीव्ही स्टेशनांना पाठवत होत्या, २००६ मध्ये सेंटर फॉर मीडिया अँड डेमोक्रसी या संस्थेनं तपासलं तर ७७ स्टेशनं ते व्हिडिओ कुठून आले हे नीट न सांगता बातमी म्हणून चालवताना सापडली.

मग तीच बातमी दुसऱ्या चॅनलवर, यूट्यूबवर शोधा. वाक्यं सारखीच निघाली तर दोघंही प्रेसनोट वाचून राहिले. तेवढ्यानं जाहिरात सिद्ध होत नाही, ती आळशी बातमी झाली, पण शंका घ्यायले जागा आहे.

खरी पकड काय सांगितलं नाही त्यात असते. गेम फुकट आहे म्हणतात, पण आतमध्ये स्किन (खेळाडूचे नवे कपडे-रूप), कॉइन, बॅटल पास (जास्तीची बक्षिसं उघडणारा पास) विकत घ्यावा लागते, त्याचे भाव सांगितले का? किती वयाच्या लेकरासाठी आहे ते सांगितलं का? हरलेला एक तरी माणूस दाखवला का? अन् गेम खेळून लाखो कमावले म्हणून ज्या पोट्ट्याले दाखवतात त्यानं कोणती स्पर्धा, कधी जिंकली हे विचारा, बातमी असंन तर त्याचं उत्तर बातमीतच सापडलं पाहिजे. एक्सपर्ट म्हणून बसवलेल्याचं नाव लिहून घ्या अन् सर्च करा, त्याच कंपनीत कामाले आहे का पाहा. अँकर शेवटी डाउनलोड करा म्हणून कूपन कोड देत असंन तर मंग काही शोधायचंच राहिलं नाही.

बारीक अक्षर शोधायची सवय लावा. प्रायोजित, पार्टनर कंटेंट, ॲडव्हर्टोरियल (म्हणजे बातमीसारखी बनवलेली जाहिरात) असं काही कोपऱ्यात दोन सेकंद येऊन जाते. यूट्यूबवर खालचं वर्णन पूर्ण उघडून वाचा, काहून की वॉर्नर ब्रदर्सनं ‘शॅडो ऑफ मॉर्डोर’ या गेमसाठी यूट्यूबवाल्यांना पैसे दिले तेव्हा ती गोष्ट बऱ्याच व्हिडिओत ‘शो मोअर’ दाबल्याशिवाय दिसतच नव्हती. अमेरिकेत ग्राहकांची फसवणूक पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनं २०१६ मध्ये त्यावर कारवाई केली.

पैसे लावून खेळायचा गेम असंन तर गोष्ट अजून गंभीर. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात अशा गेमच्या जाहिरातीवरही बंदी आहे, २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कापूस विकून आलेला पैसा ज्या फोनवर आहे तोच फोन पोराच्या हातात असते, म्हणून हे घरी बोलाच.

तक्रारीसाठी पहिले पुरावा जमवा. बातमी सुरू असतानाच दुसऱ्या मोबाइलनं शूटिंग घ्या, चॅनलचा लोगो अन् पट्टी दिसली पाहिजे, तारीख-वेळ तिथंच लिहा, आपल्याकडं लाइटचा भरोसा नाही, मंग पाहू म्हणून ठेवू नका. चॅनलच्या वेबसाइटवर तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल असते, त्यावर एवढंच लिहा:

“आपल्या चॅनलवर अमुक तारखेला, अमुक वाजता अमुक गेमची बातमी दाखवली. त्यासाठी कंपनीकडून पैसे, प्रवासखर्च किंवा जाहिरातीचा करार होता का? असल्यास पडद्यावर स्पष्ट का लिहिलं नाही? केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स नियम १९९४, नियम ७(१०) प्रमाणे जाहिरात कार्यक्रमापेक्षा स्पष्ट वेगळी दिसली पाहिजे.”

पैसे खाल्ले असं लिहू नका, पुरावा नसताना तसं लिहिलं तर आपलीच बाजू कच्ची पडते, प्रश्न विचारा. केबल टीव्हीच्या २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे चॅनलनं २४ तासांत पोच अन् १५ दिवसांत निकाल द्यायचा असते. नाही दिला किंवा पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत ते चॅनल ज्या स्वनियमन संस्थेत (चॅनलांनीच मिळून तक्रारी पाहायले बनवलेल्या संस्थेत) आहे तिथं अपील करता येते, अन् तिथंही नाही जमलं तर माहिती व प्रसारण मंत्रालयाकडं. खुद्द जाहिरातच फसवी असंन तर ॲस्की (जाहिरातींवर लक्ष ठेवणारी जाहिरात क्षेत्राचीच संस्था) हिच्या वेबसाइटवर किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर सांगा. चॅनलले रेकॉर्डिंग ९० दिवस जपून ठेवावं लागते, त्यामुळं तक्रारीतच लिहून टाका की त्या दिवसाचं फुटेज पुसू नका, अन् मिळालेल्या पोचेचा स्क्रीनशॉट ठेवा.