जुन्या अवजारावरील पेटंटची तारीख कशी वाचावी

नागपूरच्या इतवारी बाजारातील लोहाओळीत भंगाराच्या ढिगात एखादा जुना अमेरिकी रंधा किंवा पाना सापडला, तर गंज काढण्यासाठी त्यावर सँडपेपर चालवू नये, कारण वय सांगणारी उथळ अक्षरे त्यानेच सर्वप्रथम नाहीशी होतात. भाग रात्रभर रॉकेलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने घासावा आणि अक्षरांत खडू भरावा.

रंध्याच्या पितळी चाकीवर ‘६ ऑगस्ट १८६७’ अशी तारीख आढळल्यास ते अमेरिकी रंधे घडवणारे लिओनार्ड बेली यांचे पेटंट होय. अमेरिकी पेटंटे त्या काळी मंगळवारी दिली जात; त्यामुळे पुसट अंक ओळखताना पंचांगाचाही आधार मिळतो. ७ एप्रिल १८६३ रोजी स्टीफन मोर्स यांना पीळदार ड्रिलसाठी मिळालेले पेटंटही मंगळवारचेच आहे. तारीख निश्चित झाल्यावर गूगल पेटंट्सवर त्या दिवसाची पेटंटे काढून मूळ आराखडा हातातील अवजाराशी ताडून पाहावा. केवळ नावावरून शोधणे बहुधा व्यर्थ ठरते, कारण जुन्या छापील पानांचे यंत्रवाचन, म्हणजे संगणकाने केलेली अक्षरओळख, सदोष असते.

ही तारीख निर्मितीची नव्हे. १८६१ नंतर पेटंटची मुदत १७ वर्षांची होती आणि कारखानदार तीच अक्षरे पुढेही ओतत राहत, म्हणून अवजार त्या तारखेपूर्वीचे नाही, एवढेच ठामपणे म्हणता येते. विक्रेत्याने सांगितलेले वय मात्र भाव ठरवताना विसरावे.