एकॉर्नचं पीठ कडू का होतं? या चुका टाळा

कॅलिफोर्नियात ऑक्टोबर लागला की ओकची फळं, म्हणजे एकॉर्न, पायाखाली कडाकड फुटायला लागतात. आम्ही सहा मराठी घरं ती मिळून वेचतो. पहिल्या वर्षीचं सगळं पीठ कंपोस्टमध्ये गेलं.

तेव्हाची सगळ्यात मोठी चूक झाली ती वाटणाआधीच. ज्याने त्याने आपल्या गल्लीतली पिशवी आणली आणि सगळं एका घमेल्यात ओतलं. ओकच्या जाती वेगळ्या, त्यांच्यातलं टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारा घटक, कमीजास्त. एकाचा तुरटपणा पाण्यात भिजवून चार दिवसांत जातो, दुसऱ्याचा दहा दिवसांनीही जात नाही. आता पिशवीवर झाड आणि तारीख लिहिल्याशिवाय कोणाचंही एकॉर्न आत येत नाही.

वेचताना

हंगामाच्या सुरुवातीला गळणारी फळं बहुतेक किडकी असतात, त्यांचा मोह नको. बारीक गोल भोक दिसलं की आतली अळी खाऊन बाहेर पडली असं समजा. भोक नसेल तर कदाचित ती अजून आतच आहे. ताजी फळं पाण्यात टाकून तरंगतील ती फेकावीत. मात्र वाळवलेल्या एकॉर्नवर ही परीक्षा करू नका. वाळलेलं चांगलं फळही तरंगतं, आणि आम्ही अशी अर्धी बादली फेकून दिली होती. फवारणी होते अशा लॉनवरचं वेचू नका, आणि पार्कमध्ये वेचायची परवानगी आहे का ते आधी विचारा. ओली फळं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलीत तर चार दिवसांत बुरशी.

लाल साल राहिली तर

ब्लॅक ओक या जातीच्या गराला पातळ लालसर साल चिकटलेली असते, ती कडू. नीट वाळवून चोळा आणि सुपात पाखडा. इथल्या मूळ रहिवासी बायका विणलेल्या टोपल्यांत हेच करत आल्या आहेत. अमाडोर काउंटीत त्यांच्यापैकी मिवोक लोकांचा ‘चॉसे’ नावाचा खडक आहे. त्यात एकॉर्न कुटायची 1,185 उखळं कोरलेली आहेत. पाखडायला कंटाळा आला की मला तो खडक आठवतो.

पाणी

पाण्याने तुरटपणा काढायचं काम गव्हाच्या चिकासारखं आहे. कुरडया घातलेल्या बाईला शिकवायला नको, पण आमच्यात तशा दोघीच होत्या. दळलेल्या पिठाच्या तिप्पट थंड पाणी बरणीत घालून हलवायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं, आणि रोज एकदोनदा वरचं तपकिरी पाणी अलगद ओतून नवं घालायचं. घाईत बरणी उपडी केलीत तर तळाचा पांढरा साका सिंकमध्ये जातो, आणि पिठाला बांधून ठेवणारा तोच. चीक आपण मुद्दाम आंबवतो; हे आंबू द्यायचं नाही, म्हणून फ्रीज.

‘पाणी स्वच्छ दिसलं, झालं’ ही आणखी एक फसगत. रंगावर जाऊ नका. चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून मिनिटभर थांबा. कच्च्या जांभळासारखी जीभ ओढली गेली तर आणखी पाणी. उकळून कडूपणा लवकर जातो, पण मग पीठ शिजतं आणि थापता येत नाही. न दळता उकळलेले तुकडे मात्र भाजून लाडवात चालतात.

लोखंडी कढई वापरू नका. आवळा त्यात काळा पडतो ना, तसंच हेही काळंकुट्ट होतं.

रांधताना

नुसत्या एकॉर्नची भाकरी थापायला गेलात तर तडकते, कारण त्यात गव्हासारखं पीठ धरून ठेवणारं ग्लुटेन नाही. थालीपिठाच्या भाजणीत एक तृतीयांश मिसळा, आच मंद ठेवा, लवकर करपतं. शेजारच्या कोरियन आजी याच्या साक्याची ‘तोतोरीमुक’ ही वडी करतात: एक वाटी साका, पाचसहा वाट्या पाणी, सतत ढवळत घट्ट होईपर्यंत शिजवणं. आमची पहिली वडी पातळ राहिली, कारण घट्ट दिसताच आम्ही गॅस बंद केला. त्यानंतरही काही मिनिटं मंद आचेवर ढवळत राहायला हवं होतं.

उरलेलं ओलं पीठ पसरून पूर्ण वाळवा किंवा फ्रीझरमध्ये टाका. त्यात तेल असतं, बाहेर खवट होतं. आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं असेल तेव्हा डब्यावर ‘एकॉर्न’ असं ठळक लिहा, कारण अक्रोड-बदामाची ॲलर्जी असलेलं एखादं पोर पंगतीत असतंच.